एक वाजताचा ठोकळा

उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात गॅरेजांची रांग जिथे संपते आणि पुढे नुसती वाळू उरते, तिथल्या एका नेमबाजी क्लबात मी अठरा वर्षं नोकरी केली. काम एकच होतं, रिव्हॉल्वरची झाडलेली काडतुसं पुन्हा भरण्याचं. सभासद सरावाला येत, गोळ्या झाडत आणि पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या मागे ठेवून जात. त्या मी गोळा करून स्वच्छ करायचो, प्रेसमध्ये दाबून मूळ मापावर आणायचो, बुडाशी नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायचो, आत पावडर घालायचो, वर शिशाची गोळी बसवून तोंड आवळायचो. पुण्याला गेलो की मेहुणा विचारायचा, "काय दाजी, या वर्षी किती मुडदे?" मी आयुष्यात सहाच गोळ्या झाडल्या आहेत, त्याही मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, आग्रह केला म्हणून. मला आवाज सोसत नाही. मला ती खोली आवडायची. खिडकी नसलेली, थंड, एका जाड दाराआडची.

बायको गेली तेव्हा मार्च संपत आला होता. शारजाच्या इस्पितळात नऊ दिवस. मग कागदपत्रं, शिक्के, आणि विमानाच्या मालाच्या भागात ती, वर मी. तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी परत आलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. कॅनडातून मुलगी फोन करते, म्हणते, "बाबा, टेक अ ब्रेक. गो होम." घर कुठलं, हे मी तिला विचारलं नाही. बावीस वर्षं आम्ही खाडीजवळच्या एकाच फ्लॅटमध्ये राहिलो. ती एका शाळेत ग्रंथपाल होती. तिची पुस्तकं, तिने लावलेला ओवा, बाथरूममधली तिची चप्पल, सगळं तिथेच होतं. तिथे राहायचं तर व्हिसा हवा, व्हिसा नोकरीवर आणि नोकरी म्हणजे ती खोली. माझ्यापाशी शिल्लक होतं ते एवढंच.

जूनमध्ये मुदीरने बोलावलं. ते निवृत्त फौजी, आमच्याशी हिंदीत बोलत. "भाई, सीझन में काम डबल होगा. एक आदमी सिखाओ. छह हफ्ते, खलास." माझ्या डोळ्यांत काय दिसलं कोण जाणे, लगेच म्हणाले, "तुम्हारी जगह नहीं. तुम्हारे साथ." मला ते खरं वाटलं नाही.

आल्या त्या एक कोल्हापूरच्या बाई. बेचाळिशीच्या असतील. शाळा-कॉलेजात रायफल नेमबाजी केलेली. नवरा दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात होता, त्याचा अख्खा विभाग बंद झाला. म्हणून या अजमानहून रोज गाडी चालवत येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी खोलीत पाऊल टाकून म्हणाल्या, "काय ओ सर, फ्रीजमध्ये बसून काम करताय की!"

मी त्यांना नियम सांगितले. फोन बाहेर, पत्र्याच्या डब्यात. आत बोलायचं नाही. पावडर भरण्यासाठी पन्नास खळग्यांचा लाकडी ठोकळा असतो. पुंगळ्या त्यात आधी उलट्या ठेवायच्या, एकेक उचलून भरायची आणि सुलटी ठेवायची. मध्येच कोणी हाक मारली, शिंक आली, काहीही झालं, तर अख्खा ठोकळा रिकामा करून पहिल्यापासून भरायचा.

"एका शिंकेला पन्नास?"

"एका शिंकेला पन्नास."

"आमच्या सासूबाईंना इथं आणायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "पापड लाटताना त्या पण असंच करायला लावायच्या."

या सगळ्याचं कारणही सांगितलं. रिव्हॉल्वरच्या पुंगळीत पावडर अगदी तळाशी, थोडीच असते. चुकून दुसऱ्यांदा पडली तरी ती ओसंडत नाही, वरून काही कळत नाही. गोळी बसली की काडतूस इतरांसारखंच दिसतं. फरक कळतो तो झाडणाऱ्याच्या हातात, रिव्हॉल्वरचं चक्र फुटून. म्हणून गोळी बसवण्याआधी ठोकळ्यावर दिवा धरून पन्नासही पुंगळ्यांत डोकावायचं. अठरा वर्षं मीच भरत होतो आणि दिवा धरून बघणाराही मीच. बाई आल्यावर मुदीरने नियम केला की एकाने भरायचं, दुसऱ्याने बघायचं. डब्याच्या चिठ्ठीवर दोघांची सही.

त्या लवकर शिकल्या. प्रायमर नीट बसला की बोटाला कसं कळतं, ते सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते. त्यांनी डोळे मिटून वीस-पंचवीस पुंगळ्यांच्या बुडावरून अंगठा फिरवला आणि दोन बाजूला काढल्या. दोन्हींचे प्रायमर खरोखर वर आलेले होते. मला बरं वाटायला हवं होतं. शिकवताना माझा आवाज मला लांबून कुठून तरी ऐकू यायचा. संध्याकाळी घरी जाऊन पुस्तक उघडायचो आणि तेच पान वाचायचो.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बाईंनी माझा ठोकळा दिव्याखाली ओढला. बराच वेळ बघत राहिल्या. मग तो माझ्यापुढे सरकवला आणि एका पुंगळीवर बोट ठेवलं. आत पावडर दुप्पट होती.

"तुमचा हात लागला असेल," मी म्हणालो.

"हात लागून पावडर वाढती होय, सर?"

"मग दिवा तिरका धरला असेल. तीन आठवडे झालेत तुम्हाला. मी अठरा वर्षं करतोय."

मी ठोकळा रिकामा केला. माझे कान तापले होते. असा मी कोणाशी कधी बोललो नव्हतो. घरी हे सांगितलं असतं तर बायकोने दोन दिवस अबोला धरला असता.

पाच दिवसांनी पुन्हा तेच झालं. या वेळी बाईंनी बोट ठेवलं नाही. मला खोलीबाहेर चला म्हणाल्या. बाहेर चहाच्या टेबलाशी उभं राहून हळू आवाजात बोलल्या.

"सर, रागावू नका. मागच्या वेळेपासून मी तुमच्या हाताकडं बघतीय. एक वाजला की तुमचा हात थांबतो."

"थांबतो म्हणजे?"

"थांबतो. तुम्ही दाराकडं बघता. आज चांगली दोन-तीन मिनिटं बघत होता. मग परत सुरू करता आणि आत्ताच भरलेली पुंगळीच परत भरता. मागच्या वेळी पण एक वाजलेला."

मला ते माहीतच नव्हतं. हात थांबतो हे माझ्या हाताने मला सांगितलं नव्हतं.

एक वाजता शाळेत बायकोची जेवणाची सुट्टी व्हायची. खोलीच्या दाराबाहेर एक फोन आहे, त्यावर ती रोज फोन करायची. एवढंच विचारायची, "अहो, डबा उघडला का?" मी "उघडतोय" म्हणायचो आणि ती ठेवून द्यायची. तो फोन यायचा म्हणून पावणेएकनंतर मी नवा ठोकळा कधी घेतला नाही. एकच्या ठोक्याला माझे हात रिकामे असायचे. परत आल्यावर फोन यायचा नव्हता. म्हणून मी वेळ बघणं सोडलं, ठोकळ्यामागून ठोकळा भरत राहिलो. कान मात्र आपलं काम करत राहिले.

मी बाईंना हे सांगितलं. त्यांच्याशी कामाव्यतिरिक्त बोललो ते पहिल्यांदा. त्यांनी ओढणीने डोळे पुसले. मग मी म्हणालो, "आता कळलंय ना. उद्यापासून एकला मी थांबेन, पूर्वीसारखाच."

"आज एकला झालं. उद्या दुसऱ्या कशाला तरी होईल." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, खरं सांगू? तुम्ही आत असता, पण तिथं नसताच."

मी टेबलावरचा कप उचलून परत ठेवला.

"आणि मी यायच्या आधीचे डबे?"

ते मी ऐकलं, आणि आधी जे ऐकलं होतं ते सगळं मागे पडलं. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत बघणारं दुसरं कोणी नव्हतं. शेल्फावर त्या दिवसांतले डबे होते, प्रत्येकावर माझी एकट्याची सही. काही डबे तर लोकांनी नेलेही होते. त्यांत एक निवृत्त शिक्षक होते, शुक्रवारी नातीला घेऊन यायचे. नात चष्मा लावून, कान झाकून त्यांच्या मागेच उभी असायची.

"मुदीरना सांगायचं का, ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या. "पण त्या डब्यांवर मी सही करणार न्हाई. आणि कोणी विचारलं तर खोटं बोलणार न्हाई. मला बी नोकरी पाहिजेच आहे, सर."

त्या संध्याकाळी मी फ्लॅटमध्ये दिवा न लावता बसलो. सांगितलं नाही तर काय, हे मनात आलं, ते नाकारत नाही. कोणाला काही झालेलं नव्हतं. राहिलेले डबे मी एकट्यानेच हळूच उघडले असते. खोली राहिली असती, व्हिसा राहिला असता, बाथरूममधली चप्पल राहिली असती. पण प्रत्येक वेळी मला ती नात दिसायची, आजोबांच्या मागे, फूटभर अंतरावर.

सकाळी मी मुदीरना सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी फोन करून रेंज बंद करायला सांगितली, सभासदांकडून एकेक डबा परत मागवला. शिक्षकांनी न झाडलेला पाऊण डबा स्वतः आणून दिला. "मेहरबानी, संभाल के रखा था," म्हणाले. माझ्याकडे बघून हसले.

मग बाई आणि मी सगळी काडतुसं उघडायला बसलो. पोकळ डोक्याची एक हातोडी असते, तिच्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटलं की गोळी आणि पावडर सुटून येते. तीन हजारांच्या वर काडतुसं होती. दोन आठवडे आम्ही आळीपाळीने आपटत होतो. आठ पुंगळ्यांत दुप्पट पावडर निघाली. जी काडतुसं लोकांनी आधीच झाडली होती त्यांत अशी किती होती, हे कधीच कळणार नाही. कोणाचा हात फुटला नाही हा निव्वळ योगायोग. त्या आठ पुंगळ्या बाईंनी वेगळ्या ठेवल्या होत्या. मी मोजल्या आणि पुन्हा मोजल्या.

सहा आठवड्यांच्या शेवटच्या दिवशी मुदीरनी बाईंच्या प्रशिक्षणाचा कागद माझ्यापुढे ठेवला. शिकवणाऱ्याची सही हवी होती. खोलीची जबाबदारी आता बाईंकडे जाणार होती. मी व्हिसा संपेपर्यंत बाहेर काउंटरवर नोंदी करायच्या. ऑगस्टपर्यंत. "उसके बाद इन्शाल्ला देखते हैं," ते म्हणाले. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता.

मी सही केली. बाई म्हणाल्या, "सर, माझ्यावर राग आहे?"

"नाही."

"मग पुण्याला जाल?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं. खोलीच्या दोन किल्ल्या जुडग्यातून काढून त्यांच्या हातात दिल्या. जुडग्यात आता फ्लॅटची एकच किल्ली उरली. बाहेर पार्किंगमध्ये ऊन भाजत होतं. गाडीत बसलो, एसी सुरू केला. हवा गार व्हायला वेळ लागतो. ती गार झाली तरी मी तिथेच बसून होतो.