रोमचा चार्ट आणि हरवलेला सोमवार

चहा उकळेपर्यंत ऐकून घ्या, कारण ही गोष्ट आमच्या नलिनीसमोर, म्हणजे बायकोसमोर, सांगता येत नाही. ती मधेच शेवट सांगून टाकते आणि मग मला नुसतं बसून राहावं लागतं. आज ती अकोट्याला बहिणीकडे गेली आहे, तेवढ्यात उरकतो.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे मी किती उंचावरून पडलो ते नीट कळेल. बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं मी ड्यूटी चार्ट बनवला. तीनशे माणसं, तीन पाळ्या, कुणाची सुट्टी कधी, कुणाच्या जागी कोण, सगळं एका कागदावर. लोक घड्याळ बघायच्या आधी माझा चार्ट बघायचे. आमचे पणजोबा बडोद्याच्या सरकारांच्या फौजेत होते, तेव्हा मोहिमेची आखणी आमच्या रक्तातच आहे, असं मी येताजाता ऐकवायचो. नलिनी म्हणायची, पणजोबा तबेल्यावर होते. असो.

वासण्याला आमच्या शेजारी हसमुखभाई राहतात. त्यांचा टाइल्सचा कारखाना. नव्वदनंतर बाहेरच्या मालाला दारं उघडली, तेव्हा त्यांनी थेट इटलीहून मशीन आणवलं. पुढे त्या कंपनीनं त्यांना बोलावलं, एकदा रोमला या, आमचा माणूस भेटेल. हसमुखभाईंनी कुंपणावरूनच मला सांगितलं, "शिंदेसाहेब, तमे बेउ पण चालो. टाइमटेबल तमारे बनाववानुं." म्हणजे तुम्ही दोघंही चला, वेळापत्रक तेवढं तुम्ही बनवायचं.

परदेश म्हणजे आम्हाला तोवर मुंबईचा विमानतळ, तोही बाहेरून. मी नाहीच म्हणणार होतो. पण आत जाऊन सांगितलं, आणि नलिनी पोळी तव्यावर तशीच सोडून बाहेर आली.

आमची नलिनी शाळेत चित्रकला शिकवते. रोमला एक मोठं संग्रहालय आहे, त्याच्या आत एक प्रार्थनागृह, आणि त्या प्रार्थनागृहाच्या छतावर जगातली म्हणे सगळ्यात थोर चित्रं. कॉलेजात असताना तिच्या सरांनी तिला त्या छताचा पोस्टकार्डाएवढा फोटो दिला होता. तेवीस वर्षं तो तिच्या टेबलाच्या काचेखाली आहे. काच दोनदा बदलली, फोटो तोच.

"बाकी तुम्ही कुठेही फिरवा," ती म्हणाली, "मी एक अक्षर बोलणार नाही. मला तेवढं छत दाखवा."

आता एवढीशी मागणी. ज्या माणसानं तीनशे जणांच्या दिवाळीच्या सुट्ट्या लावल्या, त्याला एक छत दाखवणं काय अवघड?

ग्रंथालयातून रोमचं पुस्तक आणलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, संग्रहालय रविवारी बंद. मी त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली. पुस्तक ग्रंथालयाचं होतं, तरी मारली. म्हणजे रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल. मग हवं होतं कॅलेंडर, आणि तेही हसमुखभाईंकडे तयार होतं. मशीनबरोबर कंपनीनं भिंतीवरचं एक गुळगुळीत कॅलेंडर पाठवलं होतं. मी म्हटलं, जायचं परदेशात तर कॅलेंडरही तिथलंच हवं. आपलं घरचं काय, त्याच्यावर दुधाचे खाडे लिहिलेले.

इथेच घात झाला बघा.

इटलीच्या त्या कॅलेंडरात सात उभे रकाने होते. वर एकेक अक्षर छापलेलं: एल, एम, एम, जी, व्ही, एस, डी. मी थोडा वेळ डोकं चालवलं, मग सोडून दिलं. मशीन कंपनीचं कॅलेंडर, असतील मॉडेलची अक्षरं. आठवडा कुठून सुरू होतो हे मला अक्षरांनी सांगायची गरजच काय? आपल्या कॅलेंडरात रविवार सगळ्यात वर असतो. पहिलीतलं पोरही रविवार, सोमवार असंच म्हणतं. तेव्हा पहिला रकाना रविवार, शेवटचा शनिवार. शेवटच्या रकान्यातल्या तारखा लाल होत्या, त्याचंही मला नवल वाटलं नाही. तिकडे शनिवारी सुट्टी असते हे कुणाला माहीत नाही? उलट मला त्या लोकांचं कौतुकच वाटलं.

झालं. दोन संध्याकाळी बसून फूलस्केपवर चार्ट केला. जून महिना. दहा तारखेला इथून निघायचं, अकराला रोम, पंधराला सकाळचं परतीचं विमान, सोळाला घरी. आणि चौदा तारखेच्या चौकोनात, हिरव्या शाईत: 'शनिवार. छत. सर्वांनी वेळेवर.'

नलिनीनं चार्ट हातात घेतला, स्वयंपाकघरात गेली आणि परत आली. "अहो, चौदाला रविवार आहे."

"तो आपल्याकडे," मी म्हणालो. तोवर मीही ते ताडून पाहिलं नव्हतं, पण चार्ट बनवणारा माणूस कधी गडबडलेला दिसत नाही. "तिथे शनिवार."

"तिथे वेगळा कसा?"

"घड्याळ मागे असतं ना त्यांचं?"

"तीन-चार तास. अख्खा दिवस नाही."

मी हसमुखभाईंना हाक मारली. ते म्हणाले, खरं आहे, मी दुपारी फोन लावतो तेव्हा तिकडे ते लोक नुकते उठलेले असतात. बघ, म्हटलं, साक्षीदार. कॅलेंडर काय खोटं बोलेल? त्यांच्या देशात छापलेलं आहे.

नलिनी सोमवार करते. तिला त्याचीच काळजी. तिनं विचारलं, मग मी उपवास कधी धरू? मी चार्ट पुढे ओढला. पंधरा तारखेला आपण रोममध्ये, तिथे त्या दिवशी रविवार. सोळाला आपण घरी, इथे त्या दिवशी मंगळवार. बोट फिरवता फिरवता मीच थांबलो, कारण सोमवार कुठे येतच नव्हता.

"माझा सोमवार गेला कुठे?" नलिनी म्हणाली.

मग उलटं मोजलं. जाताना दहाला इथे बुधवार. अकराला तिथे उतरलो की चार्टप्रमाणे पुन्हा बुधवार. म्हणजे जाताना दोन बुधवार मिळतात आणि येताना एक सोमवार परत द्यावा लागतो. खरं सांगतो, हे जुळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. इतका चोख चार्ट मी रेल्वेतही केला नव्हता. हसमुखभाईंनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "बराबर छे."

"आणि विमानात कोणता वार?" नलिनीनं विचारलं.

"अर्धा-अर्धा," मी म्हणालो.

ती पोळ्या करायला निघून गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण हसमुखभाईंनी माझा चार्ट बघून कंपनीला फॅक्स केला: शुक्रवारी, तेरा तारखेला भेटू. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेरा तारखेला शनिवार आहे, आपण शुक्रवारी, बारा तारखेला भेटू या. हसमुखभाई तो कागद हलवतच आमच्याकडे आले. आता इटलीची माणसं स्वतः लिहितायत की तेराला शनिवार! दुसरा कुणी असता तर तिथेच शहाणा झाला असता.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "किती सभ्य लोक आहेत बघा. आपल्याला समजावं म्हणून मुद्दाम आपला वार लिहिलाय."

हसमुखभाईंनी डोकं खाजवलं. मग भेट बाराला की तेराला? मी म्हटलं, तारीख धरा, वार सोडा. तेव्हा चार्टमध्ये दुरुस्ती झाली: बारा तारीख, गुरुवार, पुरुष कंपनीच्या माणसाला भेटतील, महिलांना विश्रांती. पाच प्रती काढल्या. एक दारामागे चिकटवली. नलिनीनं आपली प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि तिच्याबरोबर आणखी कसलासा कागद ठेवला. मी विचारलं नाही.

रोमला पोचलो. कोकिळाबेननी, म्हणजे हसमुखभाईंच्या पत्नीनं, बरोबर इतके ठेपले घेतले होते की शहर वेढलं गेलं असतं तरी आम्ही महिनाभर तगलो असतो. बाराला आम्ही दोघं पुरुष कंपनीच्या माणसाबरोबर दिवसभर मशीनचे फोटो बघत बसलो. संध्याकाळी हॉटेलवर आलो तर नलिनी पलंगावर मान धरून बसलेली.

"काय झालं?"

"अवघडली. विमानात झोपले ना वेडीवाकडी."

विमान काल उतरलं होतं, मान आज अवघडली. पण प्रवासात असं होतं. मी आपली बामची बाटली काढली आणि प्रेमानं तिची मान चोळून दिली, चांगला अर्धा तास. शेजारच्या खोलीत कोकिळाबेनचीही मान धरली होती. मी उरलेला बाम तिकडे पाठवला. मला वाटलं, एकाच विमानात होत्या दोघी.

तेराला पडके खांब आणि कारंजं बघून झालं. नलिनी प्रत्येक ठिकाणी खूश होती, छताचं नावही काढत नव्हती. मी मनात म्हटलं, उद्यासाठी साठवून ठेवतेय बिचारी.

आणि आली चौदा तारीख. सकाळी साताला मी तिघांना रांगेत उभं केलं. रस्ते रिकामे, दुकानं बंद, सगळीकडे घंटा वाजतायत, ठेवणीतले कपडे घालून माणसं चर्चला निघालेली. हसमुखभाई म्हणाले, आज काही तरी सण लागतो. मी म्हटलं, शनिवारची सुट्टी, ते तारखा लाल छापतात ती.

संग्रहालयाचा दरवाजा माझ्या तिप्पट उंच, आणि बंद. आम्ही तासभर उभे राहिलो. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. आमच्याशिवाय तिथे कुणीही नाही. जगातलं सगळ्यात थोर छत, आणि रांगेत बडोद्याची चार माणसं.

शेवटी समोरून एक नन येताना दिसली, चेहरा आपल्याकडचा. केरळची निघाली. तिला हिंदी येत होतं. ती म्हणाली, आज रविवार आहे, आज उघडणार नाही.

"सिस्टर," मी समजावून सांगितलं, "आप भारत का वार बता रही हैं."

ती हळू आवाजात म्हणाली, "मैं ग्यारह साल से यहीं हूँ."

मी खिशातून चार्ट काढला. तिनं तो नीट पाहिला, मला इटलीत आठवडा कुठल्या वारानं सुरू होतो ते सांगितलं, माझ्यासाठी प्रार्थना करीन म्हणाली आणि निघून गेली. सोमवारनं! सोमवारनं कुणी आठवडा सुरू करतं का? बघा, पण त्या सात अक्षरांतला शेवटचा लाल रकाना माझ्या डोळ्यांसमोर आला. उद्या सकाळी विमान. तेवीस वर्षं काचेखाली ठेवलेला फोटो, आणि ज्या माणसाकडे तिनं एकच गोष्ट मागितली, त्यानं तिला नेमकं बंद दारासमोर आणून उभं केलं. मी तिथेच पायरीवर बसलो. मला खरोखर रडू येत होतं.

"नलू," मी म्हणालो, "माझी चूक झाली. तुझं छत राहिलं."

कोकिळाबेननी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, त्याही रडतायत.

"राहिलं नाही," नलिनी म्हणाली. "मी पाहिलं. बारा तारखेला. कोकिळाबेन होत्या बरोबर. तुमच्या चार्टमध्ये महिलांना विश्रांती होती ना."

तिनं पर्स उघडली. चार्टच्या प्रतीबरोबर जो दुसरा कागद होता तो काढला. आपल्या घरच्या कॅलेंडरचं जूनचं पान. दुधाच्या खाड्यांसकट.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. दोघी बसनं गेल्या होत्या. कोकिळाबेननी वाटेत सगळ्यांशी गुजरातीत बोलून रस्ता विचारला आणि सगळ्यांनी बरोबर सांगितला. तीन तास त्या छताखाली मान वर करून उभ्या. कोकिळाबेन म्हणाल्या, नलिनीबेनच्या डोळ्यांतून पाणी थांबेना, एका परक्या बाईनं त्यांना रुमाल दिला.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, विमानात अर्धा-अर्धा."

"आणि आज तरी कशाला येऊ दिलंस?"

"मला वाटलं, या घंटा ऐकून तरी तुम्हाला वार कळेल," ती म्हणाली. "तुम्हीही बघायला हवं होतं हो. खरंच हवं होतं."

ती रागावली नव्हती, हे मला जास्त लागलं. तिची तेवीस वर्षांची इच्छा माझ्या चार्टमुळे पुरी झाली नव्हती. चार्टमध्ये मी तिला जिथे मोजलंच नव्हतं, त्या चौकोनात पुरी झाली होती. पण झाली होती. मला इतकं हलकं वाटलं की मी पायरीवर बसल्या बसल्या हसत सुटलो, आणि हसमुखभाईंनी तिथेच ठेपल्यांचा डबा उघडला.

हॉटेलवर परत आलो तेव्हा डोकं ठणकत होतं. मी नलिनीला म्हटलं, जरा बाम दे.

"संपला," ती म्हणाली. "शुक्रवारी सगळा आमच्या मानांवर घातलात ना तुम्ही."

आणि काय सांगू, सत्तावीस वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुवारी."