माहेरचा राउटर

माझ्या माहेरच्या गावात आमच्या खात्याचं एक छोटं कार्यालय आहे आणि तिथल्या कपाटावर एक राउटर आहे. तो अधूनमधून रुसतो. दिल्लीच्या मुख्य कार्यालयात नेटवर्क मी सांभाळते, त्यामुळे तो रुसला की समजूत काढायला मलाच जावं लागायचं. निजामुद्दीनहून गाडी, मनमाडला उतरायचं, पुढे एसटी. नवरा विचारायचा, "माहेरच्या राउटरला बरं नाही वाटतं?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून बॅग भरायची. सरकारी दौऱ्यावर माहेरपण मिळणारी दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारात मी एकटीच असेन, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नव्हती.

राउटर म्हणजे काय हे आईला माहीत नव्हतं. तो बंद पडला की लेक येते, एवढं पक्कं ठाऊक होतं. फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की ती हळूच विचारायची, "ते मशीन चालू आहे का गं?" चालू आहे म्हटलं की तिचा आवाज जरा पडायचा. मी आले की मटकीची उसळ ठरलेली. मी निघणार असं कळलं की ती मटकी भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधायची, आणि मी एसटीतून उतरेपर्यंत छान लांब मोड आलेले असायचे. दिल्लीची गाडी आणि मटकीचे मोड, दोघांना सारखाच वेळ लागतो.

माझ्या या चकरांना आमचे साहेब वैतागले. "हर बार जाओगी क्या? मॉडेम लगवाओ यार!" मग तिकडे टेलिफोनची वेगळी लाइन घेतली, तिला मॉडेम जोडला, मॉडेमची वायर राउटरच्या मागे खोचली. नेहमीची लिंक मेली तर दिल्लीहून त्या नंबरवर डायल करायचं, तिकडच्या मॉडेमने चौथ्या रिंगला उचलायचं आणि मी राउटरच्या पुढ्यात बसल्यासारखी इथूनच त्याला हुकूम सोडायचे. पहिला मॉडेम विजेच्या कडकडाटात जळाला. मला फार दुःख झालं नाही. त्याच्या जागी नवा गेला.

नवा गेल्यानंतर लवकरच एका सकाळी लिंक पडली. मी डायल केलं. माझ्या मॉडेमच्या छोट्या स्पीकरवर रिंग ऐकू आली. एक, दोन, आणि मग बाईमाणसाचा आवाज: "हॅलो?"

मी तोडला. पुन्हा लावला. पुन्हा दुसऱ्या रिंगला "हॅलो, कोण बोलतंय?" जेवणाच्या सुट्टीपर्यंत हाच खेळ चालला. सुट्टीनंतर पुन्हा तोच आवाज आला, तेव्हा मी रिसीव्हर उचलला.

"ताई, तुम्हीच ना?" पलीकडून वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे त्या कार्यालयातल्या क्लार्क, आईच्याच गल्लीत राहतात. "ती टुकटुक ऐकू आली की मी ओळखते, दिल्लीचं मशीन. आमचा जुना फोन नुसता पडून होता, तो याच लाइनला जोडून घेतला."

"वहिनी, तो फोन मॉडेमने उचलायचा असतो."

"अहो, पण वाजतोय आणि कुणी उचलत नाही, बरं दिसतं का?"

आमच्या गावात नाहीच दिसत. वाजणारा फोन तसाच ठेवणं म्हणजे दारात आलेल्याला उभं ठेवणं.

"आत्ता जेवायला गेले तेव्हा काकूंना सांगून आले," त्या म्हणाल्या, "दिल्लीहून फोन येतोय म्हणून. त्यांनी लगेच मटकी भिजत घातली."

मला जायचं होतं. मनात बॅग भरूनही झाली. नुसतं म्हणायचं होतं, साहब, जाना पड़ेगा. त्यांनी कपाळाला हात लावून सही केली असती. मी वहिनींना उगाच विचारलं, "गर्दी आहे का?"

"सकाळपासून बसलीत माणसं. खेड्यावरची म्हातारी आहेत, दाखल्यासाठी आलेली. शेवटची एसटी गेली की त्यांनी राहायचं कुठे?"

त्या म्हाताऱ्यांचा मला राग आला. खरंच आला. यांना आजच यायचं होतं का?

"वहिनी," मी म्हणाले, "आता कितीही वाजू दे. उचलू नका."

चौथ्या रिंगला मॉडेमने उचललं, किंचाळला आणि जोडला गेला. पण स्क्रीनवर नुसती गिचमिड. नवा मॉडेम कंपनीतून आला तसाच लावलेला, तो भरभर बोलत होता आणि राउटर सावकाश. दोघांचा वेग जुळत नव्हता. मी वहिनींना मोबाइल लावला. त्यांनी वायर राउटरमधून काढून आपल्या कॉम्प्युटरला लावली, मी एकेक अक्षर सांगत गेले, त्या टाइप करत गेल्या. वायर परत राउटरला. मी पुन्हा डायल केलं. या वेळी स्वच्छ अक्षरं आली, राउटर पासवर्ड विचारत होता. थोड्याच वेळात लिंक उभी राहिली. मोबाइलवर वहिनींचा आवाज घुमला, "चालू झालं! या, पुढे या, काका!"

साहेब खूश. "बिल्कुल बढ़िया! अब जाने का झंझट ही खतम."

संध्याकाळी मेट्रोतून उतरल्यावर मी स्टेशनाखालीच थांबून आईला फोन केला.

"आई, मशीन चालू झालं. इथूनच."

"इथूनच? म्हणजे यापुढे बंद पडलं तरी?"

"तरी इथूनच गं."

"बरं झालं. तुझी दगदग वाचली."

"मटकी भिजवलीस ना?"

"फडक्यात बांधून ठेवली आत्ताच. उद्या उसळ करीन. निम्मी वहिनींकडे देईन, एकटीला किती लागते?"

मी 'येते' म्हणू शकले असते. पण मुलीची परीक्षा, नवऱ्याची ड्युटी, मार्चअखेर. कारणाशिवाय माहेरी जायची सवयच मोडली होती, आणि कारण तर मी स्वतःच्या हाताने दुरुस्त करून ठेवलं होतं.

आता दर सोमवारी मी तो मॉडेम तपासते. लिंक ठीक असली तरी डायल करून बघायचं, असा नियम मीच घातला आहे. स्पीकरचा आवाज थोडा मोठा ठेवते. ती रिंग माझ्या गावात वाजत असते, वहिनींच्या टेबलाजवळ, आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दुसरी रिंग संपते तेव्हा माझा हात रिसीव्हरवर असतो.

कुणी उचलत नाही. मीच तसं सांगितलंय.