इस्त्री केलेल्या कादंबऱ्या

आमच्या गल्लीत कुणी काही फुकट दिलं, की घेणारा ते आधी उलटं करून बघतो. शेजारणीने भरल्या वांग्यांचं ताट पाठवलं, तर आमच्या घरी पहिली चर्चा वांग्यांवर होत नाही, शेजारणीला आता काय हवं असेल यावर होते. आमच्या दमनहूर शहरातल्या इतर गल्ल्यांत लोक म्हणे अशा वेळी 'देव तुमचे हात सलामत ठेवो' म्हणतात. आम्हीही म्हणतो. फक्त ताटावरचं झाकण न काढता.

अशा गल्लीत इन्साफखालाने इस्त्रीच्या कपड्यांतून पोरांना कादंबऱ्या पाठवायला सुरुवात केली, आणि तीही फुकट. पुढे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

इन्साफखाला म्हणजे आमची इस्त्रीवाली मावशी. माझ्या उसाच्या रसाच्या दुकानासमोर तिचं दुकान. रुंदीला बाई आणि दुकान जवळजवळ सारखेच, त्यामुळे ती आत असली की गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. नवरा गेला तेव्हा दोन इस्त्र्या आणि एक खुर्ची ठेवून गेला. खुर्चीवर तिला बसलेली मी कधी पाहिली नाही. तिथे पुस्तकं बसतात. शुक्रवारच्या जुन्या बाजारातून किलोच्या भावाने ती कादंबऱ्या उचलते, बहुतेक तेरा ते अठरा वयाच्या पोरापोरींसाठी लिहिलेल्या. ओल आलेल्या, पानं वळलेल्या. मग एकेक पान ओल्या फडक्याखाली ठेवून इस्त्री करते. शाळेच्या गणवेशाच्या घडीत पुस्तक सरकवते आणि वरून टोपली सुटली की तिच्यात ठेवते.

टोपलीचं असं आहे, की आमच्याकडे जिने उतरायची कुणाला हौस नाही. गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, पाव घेऊन वर जाते, कपडे घेऊन वर जाते, कधी कधी भांडण घेऊनही वर जाते.

माझ्या नुहाच्या गणवेशातून पहिलं पुस्तक निघालं, ते अजून कोमट होतं. मी ते उलटं धरून झटकलं. चिठ्ठी पडेल असं वाटलं होतं, जिऱ्याचा एक दाणा पडला. बायको म्हणाली, "त्या दाण्याला हात लावू नका. मंतरलेला असेल."

मी तडक समोर गेलो.

"खाला, हे काय?"

"कादंबरी."

"ते दिसतंय. का?"

"तुझी मुलगी पेन्सिल चावते, झकी. खिशात लाकडाचा भुसा असतो. जी मुलगी पेन्सिल चावते तिच्या डोक्यात काहीतरी अडकलेलं असतं. तिला मी बहिणीच्या नावाने शाळेत जाणाऱ्या मुलीची गोष्ट दिलीय. अडकलेलं सुटेल."

"आणि तुला काय मिळणार?"

"भांडण," ती म्हणाली आणि इस्त्री माझ्या इतक्या जवळून फिरवली, की मी मागे सरलो.

उत्तर खरं होतं, म्हणून मला ते अधिकच संशयास्पद वाटलं. तिची रीत पुढे कळली. कादंबरीच्या शेवटच्या पानाची मागची बाजू ती खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवते. कॉलरला लावते तीच खळ, हलक्या हाताने. वाचणारा शेवटापाशी येतो आणि वाक्य अर्ध्यात तुटतं. मग त्याने पुस्तक घेऊन दुकानात यायचं, पुढे काय होईल ते सांगायचं, का होईल तेही सांगायचं. खाला वाद घालणार. वाद मनासारखा झाला, की इस्त्रीची वाफ देऊन पान सोडवणार. आणि शेवट दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही, ही शपथ.

"मोठी माणसं वाद घालत नाहीत," ती म्हणायची. "मोठी माणसं 'बरोबर आहे तुझं, खाला' म्हणतात आणि विजार मागतात. भांडावं तर पंधरा-सोळा वर्षांच्याने. त्यांना अजून सगळं खरं वाटतं."

तिचे अंदाज बरोबर यायचे असं मात्र नाही. कॉलर चावणाऱ्या एका पोराला तिने भित्रा समजून समुद्री चाच्यांची कादंबरी दिली. पोराची दाढ हलत होती, एवढंच. चाचे वाचून त्याला बोटीवर जायचं खूळ लागलं आणि त्याची आई अजून खालाशी बोलत नाही. दुसऱ्या एकीच्या बाहीवर डाग बघून खालाने अनुमान काढलं, की मुलगी चोरून रडते. तिला तिने हसवणारी गोष्ट दिली, परीक्षेच्या दिवसांत दोन भाऊ चोरीचं गाढव घरात लपवतात ती. डाग चिंचेच्या सरबताचा होता. मुलगी मात्र हसली, त्यामुळे खालाने आपलाच अंदाज बरोबर धरला.

गल्लीत तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं, ती भाच्यासाठी मुलगी बघतेय. कुणी म्हणालं, छापखानेवाले तिला मागून काही देत असणार. माझ्या दुकानात रसाच्या ग्लासागणिक नवा तर्क निघायचा आणि मी कुणालाच थांबवत नव्हतो, कारण तर्क करताना माणूस दुसरा ग्लास मागतो.

खालाही कमी संशयी नव्हती. सदरा उजेडासमोर धरून म्हणायची, "हा घरी इस्त्री केलाय." आणि तो केलेलाच असायचा. घरी इस्त्री करणाऱ्या माणसाला ती चोराच्याच रांगेत बसवते.

मग टोपल्यांचा घोटाळा झाला.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रबाब राहते. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष, मोठ्या परीक्षेचं. या वर्षात आमच्याकडे घरात मोठ्याने हसायचीही बंदी असते. पाहुणे येत नाहीत, टीव्हीवर चादर टाकतात, आणि कादंबरी म्हणजे तर दारूच्या बाटलीची सख्खी बहीण. रबाबच्या बरोबर खाली फतहल्ला मास्तर. रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. बायको वारली, मुलगा कुवेतला. आता अर्ध्या गल्लीच्या पोरांची शिकवणी घेतात आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीला सल्ला देतात. रबाब त्यांचीच विद्यार्थिनी.

त्या दिवशी दोन्ही टोपल्या एकदम खाली आल्या. दोन्ही हिरव्या, एकाच भिंतीला लागून. खालाने मास्तरांच्या विजारी रबाबच्या टोपलीत ठेवल्या आणि रबाबचा गणवेश, त्यातल्या कादंबरीसकट, मास्तरांच्या. दोन्ही टोपल्या वर गेल्या. थोड्या वेळाने वरून रबाबच्या आईचा आवाज आला, "या विजारी कुणाच्या?" दुसऱ्या मजल्यावरून मात्र काहीच आवाज आला नाही. विजारी आणि गणवेश आपापल्या घरी गेले. पुस्तक गेलं नाही.

खाला माझ्या दुकानात आली. रस मागितला आणि प्यायली नाही.

"मास्तर गप्प आहेत, झकी."

"मग बरंच आहे की."

"वेडा आहेस. मास्तर बोलतात तेव्हा काही नसतं. गप्प बसले, म्हणजे पुरावा जमवतायत."

मास्तर दोन-चार दिवस दिसलेच नाहीत. शिकवणीलाही त्यांनी सुट्टी दिली, म्हणे डोकं दुखतंय. मग गुरुवारी दुपारी ते खाली आले, गल्लीतल्या आयांना निरोप पाठवून त्यांनी माझ्या दुकानासमोर गोळा केलं आणि रसाच्या पिंपावर ग्लास आपटला.

"भगिनींनो, तुमच्या मुलांचे गुण का घसरतायत ते मला कळलंय." त्यांनी पुस्तक वर धरलं. "हे कपड्यांत लपवून तुमच्या घरात येतं. माझं म्हणणं सरळ आहे. आजपासून हे बंद. नाहीतर सगळ्यांनी कपडे रेल्वेपुलाजवळच्या इस्त्रीवाल्याकडे टाकावेत."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. या गल्लीचे कपडे गेले, की खालाचं दुकान संपलं, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. खाला आपल्या दारात उभी होती. हातात इस्त्री, पण ती फिरत नव्हती.

रबाबच्या आईने विचारलं, "मास्तर, यात वाईट काय आहे ते तरी सांगा. वाचलंत का तुम्ही?"

"मी? चाळलं. एक-दोन पानं. विष ओळखायला पेला रिकामा करावा लागत नाही."

"मग विष दाखवा," दारातून खाला म्हणाली.

"दाखवतो. लाल समुद्रावरचं दीपगृह. दिवेवाला बाप एक दिवस नाहीसा होतो. सोळा वर्षांची मुलगी एकटी राहते. एकटी, हे लक्षात घ्या. दर शुक्रवारी एक बोट अंधारात येते आणि उभी राहते. तस्करांची असेल, कदाचित बापही तिच्यात असेल. गावातला प्रत्येक जण तिला वेगळं सांगतो आणि प्रत्येक जण खोटं बोलतो. तो मासळीवाला तर पहिल्यापासून लबाड आहे, त्याच्या गाठी बघूनच मला संशय आला होता."

"गाठी?" माझी बायको म्हणाली.

"जाळ्याच्या. ते सोडा. मुद्दा हा, की ही बाई मुलांना फसवते. सगळ्यात मोठी फसवणूक ऐका. या पुस्तकाचा शेवट गायब केलाय. मुलगी दिव्यापाशी उभी आहे, हातात पेटती काडी, बोट खडकाकडे येतेय, दिवा लावावा तर तस्कर वाचतील, न लावावा तर बाप बुडेल, आणि तिथे वाक्य तुटतं. अर्ध्यात. हा कसला न्याय? तीन दिवस माणसाने झोपायचं कसं?"

माझ्या चरकात अडकलेला ऊस तेवढा करकरला.

रबाबची आई सावकाश म्हणाली, "एक-दोन पानांत तुम्ही काडीपर्यंत पोचलात, मास्तर?"

मास्तरांनी पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. जणू मीच त्यांना रसातून काही पाजलं होतं.

कुणी हसलं नाही. आमच्याकडे माणूस पडला तर आधी बघतात, मुद्दाम तर पडला नाही ना. रबाबची आई तर खालाकडेच वळली. "हे तू जाणूनबुजून केलंस का? त्यांच्या टोपलीत?"

"जाणूनबुजून करायचं असतं तर मास्तरांना ही मासळीवाल्याची गोष्ट दिली नसती," खाला म्हणाली. "रबाबसाठी होतं ते. तिच्या शाळेच्या स्कर्टची चुणी बसून बसून चपटी झालीय. मुलगी खिडकीपाशी तासन्‌तास बसते आणि पुस्तकाचं पान उलटत नाही. दिव्याची गोष्ट तिलाच लागणार."

"ती बसते खरी," रबाबची आई म्हणाली. "कपडे इथेच राहतील. पण परीक्षेच्या वर्षातल्या मुलांना पुस्तक फक्त गुरुवारी. आणि आधी मला दाखवायचं."

"तुम्हाला दाखवलं तर तुम्ही शेवट फोडाल."

"फोडणार नाही."

"शपथ?"

"तू माझ्यावर संशय घेतेस?"

"तुम्ही नाही घेतलात?"

तिथे विषय मिटला. एकीने मान हलवली, मग दुसरीने. रेल्वेपूल बराच लांब आहे, हेही त्यात होतंच.

सगळ्या गेल्या, मास्तर मात्र उभेच राहिले. खालाने त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं, मागचा पुठ्ठा उघडून खळ दाखवली. "शेवट इथेच आहे. फाडलेला नाही. पण आधी सांगा, ती दिवा लावेल की नाही?"

"पुरावा अपुरा आहे."

"तिच्यापाशीही अपुराच आहे. बोला."

मास्तरांनी चष्मा काढला. "लावेल."

"तस्कर वाचले तर?"

"वाचू देत. बोटीत कोण आहे ते कळत नसेल, तर माणसाने आपला माणूस आहे असं धरावं. बाकी हिशेब सकाळी."

"हे चूक आहे," खाला म्हणाली, आणि दोघांची जुंपली. माझ्या दुकानातून मला सगळं ऐकू येत होतं. काडी, वारा, भरती, मासळीवाल्याचा मेव्हणा. मास्तरांनी तर वाऱ्याचा वेग खडूने माझ्या दारावर काढून दाखवला. शेवटी खालाने फडकं ठेवलं, इस्त्री टेकवली, वाफ उठली आणि पान सुटलं. मास्तरांनी उभ्या उभ्या वाचलं. पुस्तक मिटलं, म्हणाले, "मूर्ख मुलगी," आणि जिना चढून गेले. मूर्ख म्हणजे लावला की नाही लावला, ते मला आजतागायत माहीत नाही. खालाने लगेच पान परत चिकटवलं, रबाबसाठी. नंतर रबाबने ते वाचलं, नुहानेही वाचलं. दोघीही मला सांगत नाहीत.

आता सगळं सुरळीत आहे, असं मी म्हणणार नाही. सुरळीत दिसलं की आम्हाला झोप येत नाही. पुढच्या गुरुवारी मास्तरांची टोपली खाली आली. तिच्यात एकच सदरा. खालाने तो उजेडासमोर धरला, कॉलर चाचपली, वास घेतला.

"मास्तर," तिने वर बघून हाक दिली, "हा सदरा इस्त्री केलेला आहे."

वरून फक्त दोरी जराशी हलली.

"घडी माझ्याच हातची आहे. कालच पाठवलाय मी."

मास्तर गॅलरीत दोरी धरून उभे होते आणि समोरच्या कबुतरखान्याकडे बघत होते. खालाने सदरा टोपलीत टाकला, खुर्चीपाशी गेली, एक पुस्तक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. मग पुठ्ठ्यावर नेहमीपेक्षा दुप्पट खळ लावली आणि मला म्हणाली, "रसायनशास्त्राचा माणूस आहे. घरी किटली ठेवून वाफ देईल, सांगता येत नाही."