यमूने खोडलेलं उत्तर

यमूला मॅट्रिकला मी नापास केलं.

बोर्डाने नाही, मास्तरांनी नाही. मी.

आज सकाळी देवबागहून तिच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई गेली."

साठच्या दशकातली गोष्ट. मालवणच्या शाळेत अकरावीला आम्ही दोघी एकाच बाकावर. मी बाजारातल्या दुकानदाराची, वर्गात हुशार म्हणून मिरवणारी. ती देवबागच्या मच्छीमाराची, शाळेसाठी मालवणात मावशीकडे राहायची.

पास झाली तर ट्रेनिंग घेऊन मास्तरीण. नाही तर लगेच लग्न. तिच्या बापाने आधीच सांगून टाकलं होतं.

शेवटच्या तासाला मास्तरांनी फळ्यावर ग्राफ काढला. आडवा वेळ, उभं अंतर. रेषा वर चढली, मग सपाट झाली, मग खाली आली. समजावून सांगायच्या आत घंटा झाली.

यमू म्हणाली, "ह्या सोप्पा आसा. होडी बाहेर गेली, नांगर टाकून रवली, मगे परत इली."

तिचा बाप रोज गळ टाकायला जायचा. किनाऱ्यावर बसून तिने हे शंभरदा पाहिलेलं.

मी खदखदून हसले. सगळ्या वर्गासमोर.

"खुळी मगो तू! रेग फुडे चल्लीहा, मगे होडी रवली कशी? ह्यो डोंगर. माणूस चढलो, वयल्या सपाट सड्यावरसून चल्लो, उतारलो."

तिने माझंच खरं मानलं. हुशार मी होते ना.

परीक्षेत तोच ग्राफ आला. पेपर सुटल्यावर ती म्हणाली, "मी पयला 'थांबली' लिवलंय. मगे तुझा आठावला आणि खोडलंय."

मी म्हटलं, "बरा केलंस."

तो प्रश्न पाच मार्कांचा होता. यमू सायन्समध्ये तीन मार्कांनी गेली. पाच माझेही गेले, पण माझं काही अडलं नाही.

बापाने तिला ऑक्टोबरला पुन्हा परीक्षेला बसू दिलं नाही.

कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात कळलं, सपाट रेषा म्हणजे वेळ जातोय आणि अंतर तेवढंच आहे. म्हणजे थांबलेली. तोवर यमूचं लग्न झालं होतं. पत्र लिहायचं ठरवलं. लिहिलं नाही.

पुढे मास्तरीण मी झाले. सायन्सचीच. दरवर्षी तो ग्राफ शिकवला आणि दरवर्षी नांगर टाकलेल्या होडीचं उदाहरण दिलं. पोरं म्हणायची, बाई किती छान समजावतात. लाज वाटायची, तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

गेल्या वर्षी तिच्याकडे गेले होते. नातीचं पुस्तक ओटीवर उघडं पडलेलं, पानावर तसाच ग्राफ. यमूने सपाट रेषेवर बोट ठेवलं.

"हय होडी थांबलेलीच मगो?"

"होय."

"मगे मी खोडलंय कित्याक गो?"

माझ्याकडेच बघत होती. खरंच विसरली होती, की मला बोलायची संधी देत होती, देव जाणे.

मी म्हटलं, "माका नाय आठवणा."

ती "बरा" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

यमू, मला आठवत होतं. एक दिवस विसरले नव्हते. तुझं उत्तर बरोबर होतं, माझ्यामुळे खोडलंस.

आता हे लिहून काय उपयोग? तू वाचणार नाहीस.

माफी मागायचं तोंड नाही. नुसता नमस्कार घे गो बाय.