गाडीबाहेरचे दगूनाना

दगूनानांना आगगाडीचं जितकं वेड होतं, तितकाच तिच्यात बसायचा कंटाळा होता. कंटाळा कसला, ते बसायचेच नाहीत. जळगाव स्टेशनात कुठली गाडी केव्हा येते, तिला कसलं इंजिन लागतं, शिट्टीवरून आज ड्रायव्हर कोण असावा, हे सगळं ते आपल्या कापसाच्या जिनमध्ये गादीवर बसल्या बसल्या सांगत. पण स्वतः कुठं जायचं झालं की मोटार काढत. कोणी कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, "गाडीमा बठीसन गाडी दिसस का, भाऊ?"

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. कापसाच्या धंद्यात जळगावला आले, जिन काढली आणि तिथलेच झाले. बोली मात्र त्यांनी अखेरपर्यंत गावचीच ठेवली. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आमचं घर रावेरचं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी येई आणि मी तिचा एकुलता एक भाऊ, म्हणून तिला आणायला मुराळी कायमचा मीच. नाना आम्हांला जळगावला गाडीत बसवून देत, डब्याचं दार स्वतः लावत, आणि धावत जाऊन बाहेर उभ्या केलेल्या मोटारीत बसत. मग आमची गाडी रुळावरून आणि नाना सडकेवरून, अशी रावेरपर्यंत शर्यत चाले.

नशिराबादच्या आसपास सडक रुळाच्या नजरेत आली की अक्का म्हणे, "ते पाह्य, आले!" मला दिसे तो फक्त धुळीचा लोट. त्यात मोटार आहे हे श्रद्धेनं मानायचं. अक्का खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवत राही. नानाही हात हलवीत, पण इंजिनाकडे बघून, हे मागाहून त्यांच्याच तोंडून कळे. तापीपाशी गाडी पुलावरून धडाडत निघून जाई आणि नानांची मोटार खाली वाळूत रुतून बसे. बैलजोडी लावून ती ओढून काढायची, हासुद्धा आखाजीचा एक विधीच होऊन बसला होता. रावेरला पोचेपर्यंत अक्काचा हात कोळशाच्या कणांनी कोपरापर्यंत काळा झालेला असे. आई दारात तो हात धुता धुता जावयाच्या नावानं बोटं मोडी.

अक्काचं मागणं फार मोठं नव्हतं. एकदा तरी नवऱ्यानं गाडीत शेजारी बसावं, एवढंच. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि मूलबाळ नव्हतं. गाडीत समोरच्या बाकावर जोडपी बसलेली असत, पेरू कापून खात. अक्का त्यांच्याकडे बघे आणि मग माझ्याकडे बघे. मला पेरू आवडत नसे.

मी डॉक्टरीच्या पुढच्या शिक्षणासाठी विलायतेत होतो, तेव्हाची गोष्ट. दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. नानांचं पत्र आलं, की जिनची नवी यंत्रं पाहायला येतो आहे, अक्काही येते आहे, एक मोटार भाड्यानं घेऊन ठेव. यंत्रं हे नुसतं निमित्त आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. मुंबईपर्यंत अक्का गाडीनं आली आणि नाना कसाऱ्याचा घाट उतरून मोटारीनं. पुढं बोटीत मात्र बसावंच लागलं, कारण समुद्रावर सडक नव्हती.

यंत्रं त्यांनी एका सकाळीत उरकली. नंतर तीन आठवडे मी भाड्याच्या एका खटारा मोटारीचा सारथी होतो. विलायतेत जिथं म्हणून आगगाडीचं काही बघण्यासारखं होतं, तिथं आम्ही सडकेनं गेलो. रोज पाऊस, रोज उकडलेले बटाटे. प्रवासाची व्यवस्था घरच्यासारखीच. अक्कानं गाडीत बसायचं आणि आम्ही मोटारीतून मागं लागायचं. केंटच्या किनाऱ्यावर एक कमरेएवढी आगगाडी आहे, खऱ्या वाफेवर चालणारी. तिच्यात अक्का गुडघे पोटाशी घेऊन, नऊवारीचा घोळ आवरत बसली. "हाई ते खेळनं शे!" असं म्हणून नानांनी नाक मुरडलं आणि तीन फेऱ्या माझ्याकडून तिच्यामागं मोटार पळवून घेतली.

डार्लिंग्टनच्या फलाटावर अगदी सुरुवातीच्या काळातलं एक इंजिन मांडून ठेवलेलं होतं. नानांनी बूट काढले. पिशवीतून जळगावहून आणलेला नारळ निघाला. मग अक्काच्या करंड्यातलं कुंकू घेऊन त्यांनी इंजिनाला ठसठशीत बोट लावलं. मला म्हणाले, "बठ्ठा इंजिनंस्ना हाऊ आजला शे. पाया पड." म्हणजे सगळ्या इंजिनांचा आजोबा. एक हमाल धावत आला. मी लाजेनं अर्धा झालो होतो, तरी कसंबसं समजावलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तोही नानांशेजारी उभा राहिला. वेड्यांना वेडे बरोबर भेटतात. अक्का मला हळूच म्हणाली, "माह्या कपायाकडं कधी इतकं नाही पाह्यलं."

वेल्समध्ये एका डोंगरावर दातेरी रुळांची गाडी चढते. तिथं मात्र पंचाईत झाली, कारण डोंगरावर सडकच नव्हती. मी अक्काबरोबर बसायला निघालो, तर तिनं मला अडवलं आणि नानांकडे मान केली. "आज मले मुराई नको. यायनं बसायचं."

नानांनी एक पाय पायरीवर ठेवला. मला खरंच वाटलं, की बसतात आता. तेवढ्यात त्यांना दिसलं, की इथं इंजिन पुढून ओढत नाही, मागून ढकलतं. पाय खाली आला. असलं इंजिन बाहेरून पाहायचं सोडून आत कोण बसणार? शिट्टी झाली. अक्का एकटी गेली आणि दहा मिनिटांत धुक्यानं गाडी, इंजिन, डोंगर सगळंच गिळलं.

अडीच तास आम्ही खाली उभे होतो. बघायला काही उरलं नव्हतं. नाना फलाटावर येरझाऱ्या घालत होते. रूळ ओले झाले असतील का, ब्रेक धरेल का, असं मला तीन-तीनदा विचारत होते. मला त्यांचा राग आला होता, म्हणून मी नीट उत्तर दिलं नाही. अक्का उतरली तेव्हा तिचं लुगडं दमट झालं होतं आणि नाक लाल. नानांनी विचारलं, "दाते कसे धरतस?" ती सरळ मोटारीत जाऊन बसली.

बोलली ती संध्याकाळी, चहाच्या दुकानात. "वर काहीच दिसलं नाही. शेजारी एक म्हातारी व्हती. घाबरली तं तिनं माह्या हात धरला. मंग मीबी तिचा धरला. एकमेकीची बोली कळेना, पन बरं वाटलं."

नानांनी हातातला पाव बशीत ठेवला. ते म्हणाले, "येती आखाजीले मी तुन्हासंगे बठसू. रावेरलगुन."

"आनि इंजिन कोन पाहीन?"

"इंजिन गयं खड्डामा!"

अक्का इतकी हसली, की दुकानातल्या गोऱ्या बायका वळून पाहू लागल्या.

ती आखाजी अक्काला मिळाली नाही. माघात तिला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ती गेली. मी मोठा डॉक्टर होऊन परत आलो ते चैत्रात.

आखाजीला गेलेल्यांसाठी पाण्याची घागर भरतात, तशी नानांनी जळगावच्या घरी तिच्या नावानं भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. दुसऱ्या दिवशी आईनं मला जळगावला पाठवलं. बहीण नसलेला मुराळी मी, नानांना रावेरला आणायला गेलो. मोटार दारात उभी होती. नाना तिच्याकडे न बघता पायीच स्टेशनावर निघाले.

डब्यात ते चढले आणि बाकापाशी थांबले. "ती आठेच बठे ना?"

"इथेच. खिडकीपाशी."

ते बसले. जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसलेला माणूस, पण त्यांनी डबा पाहिला नाही की बाकावरून हात फिरवला नाही. पुढं वळणावर इंजिन स्पष्ट दिसलं. मी म्हटलं, "नाना, इंजिन!" त्यांनी मान वळवली नाही. ते सडकेकडे बघत होते. सडकेवर कोणी नव्हतं.

"मी दिसू का तिले आठून?"

दिसायची ती धूळ, पण मी हो म्हणालो.

"माले हात करे का ती?"

"दर वर्षी. तापी येईपर्यंत."

"माले कधी दखायनं नही," ते म्हणाले. मग त्यांनी हात खिडकीबाहेर काढला. तापीचा पूल गेला तरी आत घेतला नाही.

रावेरला आई दारात तांब्या घेऊन उभी होती. तिनं नानांचा हात पाहिला. कोपरापर्यंत काळा झाला होता. पाणी घालायला ती पुढं झाली आणि थांबली. म्हणाली, "तिचाबी असाच यायचा."

नानांनी हात मागं घेतला. त्या दिवशी त्यांनी तो कोणाला धुऊ दिला नाही.