खुर्चीत बसवलेलं कपाट

बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे केस कापले आणि या चाळीस वर्षांत ते कोणाशी समोरासमोर बोलले असतील असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक खुर्चीत, बाबा त्याच्या मागे आणि दोघांच्या गप्पा आरशात. घरीसुद्धा काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ते उठून आमच्या पाठीमागे फेऱ्या मारायला लागायचे. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

आईचा उजवा हात गेला आणि त्याच वर्षी त्यांनी सलून बंद केलं. गेला म्हणजे जागेवर आहे, पण अर्धांगाच्या झटक्यानंतर नुसता मांडीवर पडून असतो. आई चालते, सावकाश का होईना बोलते. अडायचं ते चहाच्या डब्यापाशी. त्या कपाटाची मूठ उजवीकडे. डाव्या हाताने ओढलं की दार तिच्याच अंगावर येतं आणि तिला मागे सरकावं लागतं. तशी सरकताना ती एकदा पडली. तेव्हापासून तिने कपाटाचं नाव टाकलं. काहीही हवं असलं की "अहो" म्हणून हाक मारायची, आणि प्रत्येक हाकेनंतर तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. घरातली एक खोली मी या दोघांसाठी रिकामी करून ठेवली होती. दर रविवारी जायचं, विषय काढायचा आणि हात हलवत परत यायचं. शेवटी आईच म्हणाली, "चहाचा डबा माझा मला काढता आला, तर इथेच राहू. नाही आला, तर येऊ तुझ्याकडे."

"मी करतो कपाट," बाबा म्हणाले. "डाव्या हाताचं. महिनाअखेरपर्यंत."

ज्या माणसाने जन्मात भिंतीत खिळा ठोकला नव्हता, तो हे म्हणत होता. सुतार का बोलवत नाही, असं मी विचारलं. सुतार येऊन गेले होते म्हणे. एवढ्याशा कामाला कोणी हो म्हणेना, आणि जो म्हणाला तो परत फिरकलाच नाही.

मग परसात कारखाना उभा राहू लागला. विकत शक्य तितकं कमी आणायचं असं ठरल्यामुळे सगळं सलूनमधलंच सामान कामी आलं. गिऱ्हाइकं वाट बघत बसायची तो बाक ठोकाठोकीचं टेबल झाला. कंगव्यांच्या खणांत खिळे आणि स्क्रू गेले. डोक्यावर जुने पत्रे. तीन बाजू फळ्यांनी भागल्या, चौथीला फळ्या संपल्या, तेव्हा तिथे सलूनचा मोठा आरसा उभा केला. करवत आणि रंधा मात्र जुन्या बाजारातून आणावे लागले. सल्ला फुकट मिळत होता, तोही रोज वेगळा. हार्डवेअरवाला म्हणे फळीला फळी चिकटव, शेजारचे काका म्हणत स्क्रूशिवाय हात लावू नकोस. बाबा दोघांनाही मान डोलवायचे आणि संध्याकाळी डोकं धरून बसायचे.

लाकूड घट्ट धरायला शिकंजा लागतो, तो महाग. त्यावर त्यांनी युक्ती काढली. सलूनची वरखाली होणारी खुर्ची आरशासमोर बसवली, कपाटाचा सांगाडा तिच्यात ठेवला, पट्ट्याने आवळला, पायाने पॅडल दाबून हवा तेवढा उंच केला आणि स्वतः त्याच्या मागे उभे राहिले. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून माझी पुरेवाट झाली. भुसा उडू नये म्हणून कपाटाला पांढरं कापडसुद्धा गुंडाळलं होतं. फक्त "बारीक करू की मध्यम" एवढं विचारायचं बाकी होतं.

पण कपाट झालं, आणि चांगलं झालं. डबे घसरू नयेत म्हणून फळीला पुढून पट्टीसुद्धा होती. जुनं उतरवून आम्ही ते स्वयंपाकघरात टांगलं. आई पुढे झाली, डावा हात वर केला आणि तशीच थांबली. मूठ उजवीकडे होती.

"असं कसं?" बाबा म्हणाले. "मी डावीकडेच लावली."

कपाट उलटं टांगा, म्हणजे बाजू बदलेल, असं मी सुचवलं. तसं केलं तर फळीची पट्टी खाली गेली आणि डबे सरकले. पुन्हा उतरवलं, परसात नेलं, खुर्चीत बसवलं. बाबा मागे उभे राहिले आणि आरशात बघून म्हणाले, "बघ. डावीकडेच आहे."

मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाहिलं. खरंच डावीकडे होती. परत आत नेलं, तर उजवीकडे. तिसऱ्या फेरीला आम्ही दोघं कपाट हातात धरून दारातच उभे राहिलो. कुठे न्यावं तेच सुचेना. आई ओट्याला टेकून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

बाबांनी कपाट खाली ठेवलं. माझ्या मागे येऊन हळू आवाजात म्हणाले, "तिचा हात गेला. माझं डोकं चाललंय की काय?" मी म्हटलं, "थकलात तुम्ही. राहू दे."

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी माझ्या घरी मुलीच्या मागे उभी राहून, आरशात बघत, मी तिच्या केसांना डावीकडे क्लिप लावली. ती दप्तर घ्यायला माझ्याकडे वळली आणि क्लिप उजवीकडे गेली. मी तिथेच थांबले. बाबा कपाटाच्या पाठीमागे उभं राहून त्याचा चेहरा आरशात बघत होते. डोकं शाबूत होतं, फक्त उभं राहायची जागा चुकली होती.

मी फोन उचलला आणि परत ठेवला. संध्याकाळी करू म्हटलं. मंगळवारीही तेच. आठवडाभर मी फोन केला नाही. खोली रिकामी होती, महिनाअखेर जवळ आली होती, आणि मी वाईट बाई नाही असं स्वतःला सांगत होते. मला नक्की काय हवं होतं, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

रविवारी गेले तर बाबा परसात त्या बाकावर बसले होते. कपाट खुर्चीतच होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या खोलीला खिडकी आहे ना? हिला उजेड लागतो."

महिनाभर मी हेच ऐकायला येत होते. ऐकलं, आणि मी खुर्चीतल्या कपाटासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, उठा," मी म्हटलं. "तिथून नाही. या बाजूने, समोर येऊन बघा."

ते खुर्चीला वळसा घालून पुढे आले. आरसा त्यांच्या पाठीशी आणि कपाट तोंडासमोर. बराच वेळ ते मुठीकडे बघत राहिले. मग एकदा मागे जाऊन आले, पुन्हा पुढे. डोळे पुसले, आणि मला वाटलं आता हसतील.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. त्यांचे डोळे इतके घारे आहेत, हे मी इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

"आज रविवार आहे," ते म्हणाले.

त्यांनी आरशावर ते पांढरं कापड टाकलं आणि स्क्रू काढायला घेतले. मी दार धरून उभी राहिले. दुपारपर्यंत बिजागऱ्या उजवीकडे गेल्या आणि मूठ डावीकडे आली.

कपाट टांगलं आणि बाबा हत्यारं आवरायला म्हणून लगेच परसात गेले. आईने डाव्या हाताने मूठ ओढली. दार पलीकडे उघडलं, हात मोकळाच राहिला, आणि त्याच हाताने तिने डबा काढला. झाकण काढायला मी पुढे सरकले तर म्हणाली, "तू बस." डबा पोटाशी दाबून तिने झाकण काढलं. थोडी चहापत्ती सांडली. गॅस पेटवला, आधण ठेवलं. सगळ्याला भरपूर वेळ लागला.

पाणी उकळत असताना बाबा दारात आले. हातात झाडू तसाच.

"हाक मारलीस का?"

"नाही," आई म्हणाली.

ते तिथेच घुटमळले. आत यावं की परत जावं, त्यांना कळेना. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिसरा कप काढला.