अण्णांचा होकार

पहिल्या दिवशी मी कामावर गेले, तेव्हा माझ्या खुर्चीवर शहागडचा एक गृहस्थ बसला होता. मी विचारलं, "आपण?" तो म्हणाला, "मी इथला नवीन मॅनेजर." नवीन मॅनेजर तर मी होते. वडीगोद्रीजवळ हायवेला लागून असलेल्या त्या मंगल कार्यालयाच्या मालकांनी, भगवानअण्णांनी, एकाच जागेवर आम्हा दोघांना ठेवलं होतं. दुपारी अण्णा आले आणि आम्हाला पाहून मनापासून हसले. "आरे, दोघं बी आले का? बराबर झालं. काम लई हाय." आठवडाभर आम्ही आळीपाळीने त्या खुर्चीवर बसलो. मग तो गृहस्थ एक दिवस जेवायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. त्याला लवकर कळलं. मला वेळ लागला.

अण्णा दिसायला रुबाबदार. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन्ही हातांत फोन, बोलणं मधासारखं. तालुक्यात त्यांना सगळे दिलदार म्हणत, कारण ते कोणालाच नाही म्हणत नसत. वऱ्हाडाला वाढीव खोल्या हव्यात? "देऊ ना." मंडपवाल्याला लॉनवर आदल्या दिवशीच सामान उतरवायचंय? "उतरव की." त्या लॉनवर त्या दिवशी दुसऱ्या कोणाचं तरी साखरपुड्याचं जेवण असे. मग अण्णा मला बाजूला घेऊन म्हणत, "ताई, तू जरा समजावून सांग त्यांना." त्यांनी वाटलेले सगळे होकार परत मागायला आम्ही हाताखालची माणसं होतो. शिव्या आम्ही खाल्ल्या, दिलदार ते राहिले.

जनरेटरचं डिझेल आणायला ते मेव्हण्याला सांगत आणि पुतण्यालाही सांगत. दोघांनाही वाटे, दुसऱ्याने आणलं असेल. एकदा भर उन्हाळ्यात अक्षता पडायच्या वेळी वीज गेली आणि जनरेटर कोरडा निघाला. पंखे थांबले, माईक बंद पडला, लहान मुलं रडायला लागली. अण्णांनी सगळ्या पाहुण्यांसमोर वायरमन शकीलभाईंना झापलं, "तुला दिसत न्हाई का बिलकुल?" शकीलभाई खाली मान घालून उभे राहिले. मेव्हणा तिथेच शेजारी सरबत पीत होता. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की अण्णांचा गोंधळ कसाही, कुठेही पडत नाही. जो उलटून बोलणार नाही, त्याच्याच अंगावर तो बरोबर जाऊन पडतो.

साळवे गुरुजींच्या मुलीच्या लग्नात मी ते पुरतं पाहिलं.

गुरुजी वाटूरकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी हॉल फार आधी ठरवला होता. पुढे कुठल्याशा कार्यक्रमात अण्णांनी तीच तारीख अंबडच्या एका बड्या व्यापाऱ्याला देऊन टाकली. मला कळलं तेव्हा मी लगेच म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी साळवे गुरुजींच्या मुलीचं लग्न आहे."

"माहितीय गं. शेठजींना दुसरी तारीख देऊन राह्यलो. टेन्शन नको घेऊ."

पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "झालं बोलणं." आणखी एकदा विचारलं, तर चिडले. "माझ्यावर भरोसा न्हाई का तुझा?"

लग्नाच्या दिवशी सकाळी गुरुजींचं वऱ्हाड आलं, आणि पाठोपाठ शेठजींच्या पाहुण्यांच्या गाड्या आत शिरल्या. दोन वऱ्हाडं, एक हॉल, एक स्वयंपाकघर. शेठजींचे भाऊ गेटवरच ओरडायला लागले. गुरुजींचे मेव्हणे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी हातात धरून पायरीवर उन्हात उभे होते. मंचावर त्या ठेवाव्यात की नाही, हे त्यांना कोणी सांगेना. मी अण्णांना फोन लावला.

"आसं कर," अण्णा म्हणाले, "साळव्यांना मागच्या शेडमधी बसव. समजदार लोक हायेत, समजून घेतील."

मागच्या शेडमध्ये मोडक्या खुर्च्या आणि रिकामी सिलिंडरं होती.

"अण्णा, त्यांनी आधी ठरवलंय. मी त्यांना शेडमध्ये बसवणार नाही. तुम्ही या आणि तुम्हीच सांगा."

"मी जालन्यात हाय. तूच बघ." फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

मी पायरीवर गेले, गुरुजींच्या मेव्हण्यांना म्हणाले, "दादा, तसबिरी मंचावर ठेवा. हॉल तुमचाच आहे." मग गेटवर जाऊन शेठजींच्या माणसांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी माझी लायकी काढली, नोकरी घालवतो म्हणाले. मी हलले नाही. शेवटी त्यांच्या गाडीतून शेठजींची बायको, नवरीची आई, उतरली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दिराला म्हणाली, "भाऊजी, त्यांची बी लेकच हाय ना? आपला मुहूर्त दुपारचा हाय. त्यांचं होऊ द्या आधी." गुरुजींच्या बायकोने तिला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं. दोन्हीकडच्या आचाऱ्यांनी चुली वाटून घेतल्या. गुरुजींच्या मुलीचं लग्न ठरल्या वेळी लागलं. दुपारी त्यांनी हॉल मोकळा करून दिला, आणि शेठजींच्या मुलीचंही लग्न लागलं.

जेवणावळी रंगात आल्यावर अण्णा आले. नवा शर्ट, कपाळाला गंध. कोणीतरी त्यांना मंचावर बोलावलं आणि शेठजींच्या भावाने, सकाळी गेटवर ओरडणाऱ्या त्याच भावाने, त्यांच्या खांद्यावर शाल घातली. अण्णांनी माईक घेतला. "दोन लग्नं एका दिवशी म्हणजे सोपी गोष्ट न्हाई. पण आपलं नियोजनच तसं आसतंय." टाळ्या पडल्या. शकीलभाई माझ्याकडे बघत होते. मी चाव्या त्यांच्या हातात दिल्या आणि मंचाजवळ गेले. अण्णा खाली उतरत असताना मी त्यांना म्हणाले, "मी उद्यापासून येणार नाही."

"हो हो," अण्णा फोन कानाला लावत म्हणाले.

मी हायवेवर येऊन एसटीत बसले. संतापाने डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे कितीतरी दिवस मी घरातल्या घरात त्यांच्याशी भांडत होते. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना. ते फोन करतील, माफी मागतील किंवा धमकावतील, आणि मी काय काय सुनवेन, हे सगळं तोंडपाठ झालं होतं. पुढे अंबडच्या एका पतसंस्थेत मला काम मिळालं.

महिना उलटून गेल्यावर खरंच फोन आला.

"ताई, फुलंवाला आजून आला न्हाई. कुठं हायेस तू? जल्दी ये."

"अण्णा, मी काम सोडलंय."

"आँ? कधी?"

पाठ केलेलं पहिलं वाक्य मी सुरू केलं. पलीकडे दुसरा फोन वाजला आणि अण्णा त्यावर कोणाला तरी गोड आवाजात म्हणाले, "देऊ ना साहेब, तारीख तुमचीच समजा."